उर्होचं मलम

केर्तूआत्याने तिसऱ्यांदा नाही म्हटलं तेव्हा ती कमरेइतक्या पाण्यात उभी होती. अंगात मासेमारीची रबरी विजार, डोक्याला फडकं आणि लाकडी धक्क्याचं एक टोक खांद्यावर. बर्फ वितळून तीन आठवडे झाले होते, तरी तळ्याचं पाणी अजून हाडात शिरत होतं. अशा वेळी कोणी कोणाला काही विचारू नये, एवढं हेइनीला कळायला हवं होतं. पण दोन महिने एकच प्रश्न पोटात घेऊन फिरणाऱ्या माणसाला वेळकाळ सुचत नाही.

"नाही," आत्या म्हणाली. "आणि तुझ्या बाजूचं टोक खाली जातंय, ते उचल."

तोलोनेन मंडळी दर वर्षी जूनच्या पहिल्या शनिवारी इथे जमत ती या कामासाठीच. बर्फाने मोडू नये म्हणून हिवाळाभर काठावर ओढून ठेवलेला धक्का परत पाण्यात उतरवायचा, मग कॉफी, मग साउना म्हणजे लाकडी झोपडीतलं वाफेचं स्नान, मग आपापल्या घरी. उर्होआजोबा जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. घर आणि मागचं जंगल अजून तिघा भावंडांच्या नावावर एकत्रच होतं, आणि ते तसंच राहावं असं तिघांनाही वाटत होतं. म्हणून तर तिघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. बोललं की वाटण्या निघतात.

हेइनीला वाटण्या नको होत्या. तिला फक्त तीन सह्या हव्या होत्या. बेऱ्या आणि अळंबी माणसाने कोणाच्याही रानातून खुशाल आणाव्यात, पण झाडाची राळ काढायची तर मालकाची लेखी परवानगी लागते, आणि या जंगलाला मालक होते तीन. ओउलू शहरातल्या औषधांच्या प्रयोगशाळेतली चांगली नोकरी तिने फेब्रुवारीत सोडली होती. कायानीत एक खोली भाड्याने घेतली होती, पांढऱ्या फरशांची, दोन स्टीलच्या पातेल्यांची. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या राळेचं मलम, घरच्या पद्धतीचं, हाताने केलेलं. त्वचेला लावायची वस्तू विकायची तर तज्ज्ञाचा सुरक्षिततेचा अहवाल हवा, आणि त्या तज्ज्ञबाईंनी राळ कुठली, कृती कोणाची, ते जून संपायच्या आत लेखी मागितलं होतं. सही मिळाली नाही तर ऑगस्टमध्ये जुन्या साहेबांना फोन करून परत घ्या म्हणावं लागणार होतं. राळ दुसऱ्या कोणाच्या जंगलातूनही मिळाली असती. पण मग ते उर्होचं मलम झालं नसतं, आणि उर्होचं मलम म्हटल्यावरच तर पंचक्रोशीतल्या लोकांनी आपली नावं आधी नोंदवून ठेवली होती.

धक्का बसला. तौनोकाकाने शेवटचा खिळा ठोकला, त्यावर उडी मारून पाहिली आणि "अजून एक वर्ष टिकेल" असं दर वर्षीचं वाक्य म्हणून टाकलं. सगळे ओल्या मोज्यांनी घरात आले.

टेबलावर कॉफी होती, राय धान्याच्या पिठाच्या वाट्या होत्या, आत बटाटा आणि लाल बेऱ्या भरलेल्या, आणि दाताखाली करकर वाजणारं भाजलेलं चीज होतं. कागद मीठदाणीखाली होता. त्यावर एकच सही होती, हेइनीच्या बाबाची, आहतीची. ती एवढी मोठी होती की बाकीच्यांना जागा उरते की नाही अशी शंका यावी.

"तौनो, तू तरी कर सही," आहती म्हणाला.

"केर्तू करेल तेव्हा मी करेन." तौनोकाकाने चिजाचा तुकडा कॉफीत बुडवला. साठी उलटून पाच वर्षं झाली होती, लग्न केलं नव्हतं, आणि मोठ्या बहिणीच्या मताबाहेर जाऊन एक पायमोजाही विकत घेतला नव्हता. "माझं स्वतःचं काही म्हणणं नाही."

"म्हणणं नाही तर सही कर की!"

"म्हणणं नाही म्हणूनच नाही करत."

केर्तूआत्या चुलीपाशी पाठ करून उभी होती. ती बसली नाही. कॉफी ओतत राहिली, न मागता, कप अर्धे भरलेले असतानाही.

हेइनीने हळूच पिशवीतून लेबलांचं खोकं काढलं. तिला वाटलं, डोळ्यांनी पाहिलं तर आत्याचं मन वळेल. पाचशे लेबलं, जाड दुधी कागदावर. मध्ये उर्होआजोबांचा तरुणपणचा फोटो: नदीतून ओंडके वाहून नेणाऱ्या माणसांमध्ये उभे, हातात लांब आकडी, डोळे उन्हाने बारीक केलेले. खाली ठसठशीत अक्षरात 'उर्होचं मलम'.

"वा!" आहतीचा आवाज ओला झाला. "बघ, केर्तू. अगदी बाबा! नदीवरच्या माणसांचे हात भेगाळून रक्ताळायचे, आणि बाबा आपले संध्याकाळी डबी घेऊन एकेकाच्या हाताला लावत फिरायचे. एकाकडूनही मार्काचं नाणं घेतलं नाही. शेतकी संघाने प्रशस्तिपत्र दिलं त्यांना, अठ्ठ्याहत्तर साली."

"माहीत आहे," केर्तूआत्या म्हणाली.

"जखमा भरायच्या आठवड्यात!"

"बाबा, ते लेबलावर लिहिता येणार नाही," हेइनी म्हणाली. "जखम भरते म्हटलं की ते औषध झालं. मला फक्त त्वचा मऊ होते एवढंच लिहिता येतं."

"म्हणजे जे ते करतं ते लिहायचं नाही?" तौनोकाकाला मजा वाटली. "मग काय लिहिणार? 'वास बरा आहे'? नाहीतर 'अस्वलाला आवडतं'?"

आहती हसला. हेइनी हसली. आत्याने लेबल उचललं, दोन बोटांत धरून लांब केलं, कारण चष्मा जवळ नव्हता, आणि परत खोक्यात पालथं ठेवलं.

"बाबांच्या मलमाचा धंदा व्हायला मला नको," ती म्हणाली. "सांगितलंय एकदा. साउनाला लाकडं घालायचीत." आणि ती बाहेर गेली. दार तिने आपटलं नाही. आपटलं असतं तर काही बोलता तरी आलं असतं.

"म्हातारपण," तौनोकाका म्हणाला.

"बाबांवर फार जीव तिचा," आहती म्हणाला. "आईमागे तिनेच सांभाळलं ना सगळं. अकरा वर्षांची होती."

 पालथं ठेवलेलं लेबल हेइनी बघत राहिली. जिचा बापावर एवढा जीव, ती बापाचा फोटो पालथा का ठेवते?

सहीचं काम आज होणार नाही हे तिला कळून चुकलं होतं. पण तिचा दुसरा एक प्रश्न होता, आणि तो तिला सहीपेक्षाही जास्त छळत होता. एप्रिलपासून तिने अकरा वेळा मलम केलं होतं. स्वच्छ, मधासारखी पारदर्शक राळ, मेण, मेंढीची चरबी, सगळं वजनकाट्यावर तोलून, तापमापक लावून. आणि अकराही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात वाळू झालेली असे. लावायला गेलं की बोटाखाली कण. म्हणून तिने काकाला आणि बाबाला फोन करून सांगितलं होतं, घरात आजोबांच्या जुन्या डब्या असतील त्या घेऊन या. दोघांनीही आणल्या होत्या.

तिने टेबल पुसलं, पांढऱ्या बशा मांडल्या, आणि प्रत्येकीत सुरीच्या टोकाने थोडं थोडं मलम काढलं.

"हे बघा, लॅब सुरू झाली," तौनोकाका म्हणाला, पण खुर्ची पुढे ओढून बसला.

आहतीच्या डबीतलं पिवळसर होतं, मऊ, बोटावर घेताच विरघळणारं. राळेचा वास मागे कुठेतरी. काकाच्या डबीतलं जवळजवळ तपकिरी, घट्ट, आणि वास असा की थेट जंगलात नेऊन सोडावं. एकातही कण नव्हता. हेइनीने दोन्ही मनगटांवर लावून पाहिलं, उन्हात धरलं, पुन्हा हुंगलं.

"हे एकाच साठ्यातलं आहे?"

"बाबांच्या साठ्यातलं," आहती म्हणाला.

"पण ही दोन वेगळी मलमं आहेत."

"कसली वेगळी? मलम ते मलम."

"बाबा, तू लहानपणी राळ लावली की रडायचास का?"

आहतीने भावाकडे पाहिलं. तौनोकाकाने कपाआड तोंड लपवलं.

"रडायचा म्हणजे?" काका म्हणाला. "गाई उधळायच्या. झोंबायचं याला. मला कधीच नाही झोंबलं. माझे हात जाळ्यांत, दोरखंडांत, मला कडकच लागायचं."

म्हणजे कोणीतरी एकाला कमी राळ घालत होतं आणि एकाला जास्त.  एक पातेलं ढवळून डब्यांत ओतणाऱ्याचं हे काम नव्हतं. हात कोणाचे आहेत ते आधी आठवायचं आणि मग चमचा उचलायचा, असं करणाऱ्याचं हे काम होतं. आणि उर्होआजोबा? ज्यांना नातवंडांची नावं एकमेकांत अदलाबदल करून हाक मारायची सवय होती, ते?

तिने काकाची डबी उचलून झाकण पाहिलं. घशाच्या गोळ्यांची जुनी पत्र्याची डबी, चित्र घासून गेलेलं. उलटी केली. तळाला गावच्या दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती, पुसट, पण वाचता येईल अशी. दोन पस्तीस. पुढे युरोचं चिन्ह.

ती ते चिन्ह बराच वेळ बघत राहिली. उर्होआजोबा गेले नव्याण्णवच्या नोव्हेंबरात. तेव्हा दुकानात मार्क चालत होते. युरोची नाणी हातात आली ती दोन वर्षांनी, दोन हजार दोनच्या जानेवारीत, आणि पहिली दोन वर्षं तौनोकाका ती खोटी आहेत असंच समजून चालत होता.

"काका, या डबीत मलम तू भरलंस?"

"मी? मी कशाला भरू?"

"मग ही कुठून आली?"

"केर्तू देते. ख्रिसमसला. बाबांचं तळघरात शिल्लक आहे त्यातलं."

"कुठल्या ख्रिसमसला?"

"सगळ्याच," काका म्हणाला. "दर वर्षी एक."

"मलाही," आहती म्हणाला.

"पंचवीस वर्षं?"

 दोघा भावांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हिशोब करणाऱ्या माणसाचे भाव आले. दोन भाऊ, दर वर्षी दोन डब्या, शिवाय पलीकडच्या काठावरचा रेइनो, शिवाय दूधवाल्याची बायको.

"बाबा भरपूर करायचे," तौनोकाका शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात फारसा जोर नव्हता.

हेइनीने डबी उलटी करून दोघांच्या मध्ये ठेवली. आहतीने चष्मा लावला. चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत वाचली. पंचवीस वर्षं तळघरातला साठा आटला नाही, आणि दोन धडधाकट पुरुषांपैकी एकालाही, एकदाही, खाली जाऊन बघावंसं वाटलं नाही! इकडच्या माणसांची ही खोड आहे. मिळतंय तोवर विचारायचं नाही. विचारणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं, असं लहानपणीच मनावर ठसवतात.

हेइनीला मात्र विचारायची सवय होती. ती उठली, आपल्या अकराव्या मलमाची बरणी घेतली आणि साउनाकडे चालू लागली.

आत्या साउनाच्या पायरीवर बसून बर्च झाडाच्या कोवळ्या फांद्यांची जुडी बांधत होती. साउनात अंग झोडायची जुडी तिच्याएवढी घट्ट पंचक्रोशीत कोणी बांधत नसे. डासांचा थवा तिच्या डोक्याभोवती होता, तिचं लक्ष नव्हतं.

"कागद आणला असशील तर परत ने," ती मान वर न करता म्हणाली.

"कागद नाही आणला." हेइनी खालच्या पायरीवर बसली. "आत्या, माझं मलम वाळूसारखं का होतं?"

आत्याचे हात थांबले. तिने फांद्या गुडघ्यावर ठेवल्या, बरणीत बोट घातलं, अंगठ्याने चोळलं. चेहरा तसाच राहिला, पण डोळ्यांत काहीतरी जागं झालं. चुकीचा सूर ऐकला की वाजवणाऱ्याला होतं तसं.

"चुलीवरच गार केलंस."

"रात्रभर ठेवलं. झाकून."

"आपोआप गार होऊ दिलंस की चरबी हट्टाला पेटते. गोळे करून बसते. आणि ही राळ कुठली घेतलीस? ही तर आत्ता कालची, अजून रडतेय झाडावर. जुनी घ्यायची, राखाडी, साल आणि मुंग्यांसकट." ती भराभरा बोलत होती. मग एकदम थबकली. "हे मला का विचारतेस? बापाला विचार. त्याला उर्होचं सगळं माहीत आहे."

"काकाच्या डबीच्या तळाला युरोची चिठ्ठी आहे," हेइनी म्हणाली.

तळ्यावर कुठेतरी पाणकोंबडी ओरडली. आत्याने जुडीची गाठ सोडली, परत बांधली.

"सगळ्यांच्या काढल्या मी," ती अखेर म्हणाली. "गरम पाण्यात भिजवून. एक राहिली वाटतं."

"कधीपासून करतेस?"

"बासष्टपासून. आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यापासून. आई करायची, मी बघायचे. बाबांचा उजवा हात ओंडक्यात चेंगरला, चमचाही धरवत नव्हता त्यांना. राळ आणून द्यायचे, ते खरं. ढवळायचं मी. आत माणसं कॉफी पीत बसायची आणि म्हणायची, उर्हो, काय मलम आहे तुझं. आणि बाबा कॉफी प्यायचे."

"ते काहीच म्हणायचे नाहीत?"

"काहीच नाही. खोटंही बोलले नाहीत हो कधी. मी करतो, असं त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. लोक म्हणायचे, आणि ते नुसते प्यायचे." तिने मान हलवली. "ते प्रशस्तिपत्र आणलं ना घरी, भिंतीवर नाही लावलं. आहती खिळा घेऊन आला होता. बाबांनी घेतलं आणि खणात तळाशी घातलं. तेव्हा मला वाटलं, आज बोलतील. मी दोन दिवस वाट पाहिली. मग गाई व्यायल्या, आणि राहिलं."

लाकडांच्या ढिगाऱ्यापाशी दोघे भाऊ येऊन उभे होते. किती वेळ ते कळत नव्हतं. आहतीच्या हातात डबी होती.

"सांगायचं नाही का केर्तू?" तो म्हणाला. त्याचा चेहरा मुलासारखा दिसत होता. "मी सगळीकडे सांगत फिरलो. शाळेत निबंध लिहिला. बाबांच्या अंत्यविधीला भाषण केलं मी त्यावर! तू पहिल्या बाकावर बसली होतीस."

"हो. चांगलं झालं होतं भाषण."

"मग सांगायचं ना!"

"तू विचारलंस? साठ वर्षांत एकदा तरी विचारलंस, 'केर्तू, हे कसं करतात?' सांगायला आधी कोणीतरी विचारावं लागतं. गाईंचं दूधही मीच काढायचे, ते कोणाचं म्हणून कोणी पाटी लावली नाही, मला काही वाटलं नाही. काम होतं ते. पण ही आता त्यांचा फोटो लावून दुकानात ठेवणार." तिचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "मला राग येतो, आहती. बाबांवर माझा जीव होता आणि मला राग येतो. दोन्ही आहे. बारा वर्षांची होते तेव्हापासून दोन्ही आहे. आता त्र्याहत्तरची झाले."

 तौनोकाका पुढे झाला, खाकरला.

"मी तर पहिल्यापासून केर्तूच्याच बाजूने होतो," तो म्हणाला.

"कसल्या बाजूने ते तरी माहीत होतं का तुला?" आत्या म्हणाली.

"नाही," काकाने कबूल केलं. "पण होतो."

आत्याच्या नाकातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. हेइनीला तेवढं पुरलं. ती घरात धावली आणि लेबलांचं खोकं घेऊन आली. पाचशे लेबलं म्हणजे काही कमी खर्च नव्हता. पण तिने ते तसंच पायरीवर ठेवलं.

"यांचं काय करायचं ते तू सांग."

"साउना पेटवायला कागद लागतोच," आत्या म्हणाली.

आहतीने एक लेबल काढून घेतलं. कोणी काही म्हणेल म्हणून सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि ते पाकिटात घातलं. "बाप आहे," तो म्हणाला.

"ठेव की," आत्या म्हणाली. "माझाही होता."

"आणि सही?" तौनोकाकाने विचारलं.

"सहीचं नंतर. आधी हिला गार करायला शिकवते. नाहीतर ही वाळू विकेल आणि लोक म्हणतील तोलोनेनांचं मलम."

मग जे झालं ते हेइनीने जन्मभर लक्षात ठेवलं, आणि वहीतही लिहून घेतलं. आत्याने साउनाच्या ओसरीतून एक पत्र्याची बादली काढली. आत राखाडी, कळकट, सालपाटं चिकटलेली राळ होती. हेइनीने एरवी ती फेकून दिली असती. बाहेरच्या चुलीवर जाडजूड पातेलं चढलं. आधी चरबी, मंद. मग राळ, खडा खडा करून, मूठ मूठ. हेइनीने तापमापक धरला.

"किती झालं?" आत्याने विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर."

"मला वासावरून कळतं. पण तू लिही. त्या तज्ज्ञबाईंना वास कसा पाठवणार?"

"राळ किती घातलीस? वजन नाही केलं आपण."

"कोणासाठी करतेय त्यावर आहे."

"आत्या, दुकानात ते चालणार नाही. एकच कृती लागेल, दर वेळी तीच."

आत्याने ढवळणं न थांबवता विचार केला. "दोन कर मग," ती म्हणाली. "एक आहतीसाठी, एक तौनोसाठी. जगात माणसं या दोनच जातींची असतात."

"रडणारी आणि बथ्थड," तौनोकाका म्हणाला.

"तेच."

दोन कृती म्हणजे दोन अहवाल, दुप्पट काम. पण हेइनीला ते इतकं पटलं की ती वाद घालायचंच विसरली. जुन्या तागाच्या फडक्यातून मलम गाळलं, मुंग्या आणि साल मागे राहिली, आणि खाली उतरलं ते स्वच्छ, सोनेरी. मग आत्याने गरम पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि सरळ तळ्याकडे निघाली.

नुकत्याच बसवलेल्या धक्क्याच्या टोकाला तिने गुडघे टेकले. आहती आधार द्यायला धावला, तिने कोपराने त्याला बाजूला केलं. पातेलं तिने काठापर्यंत बर्फगार पाण्यात धरलं आणि लाकडी चमच्याने ढवळायला लागली, जलद, एकाच दिशेने. "असं," ती म्हणाली. "आता थांबायचं नाही. चमचा उभा राहीपर्यंत. चरबीला विचार करायला वेळच द्यायचा नाही." सोनेरी रंग हळूहळू लोण्यासारखा होत गेला. हेइनी शेजारी पालथी पडून बघत होती, नाक पातेल्याला लागेल इतकी जवळ. अकरा वेळा चुकलेली गोष्ट इतकी साधी होती! अकरा वर्षांची मुलगी इथेच, याच पाण्यात, हात बधिर होईपर्यंत हे करत होती, आणि वर घरात माणसं कॉफी पीत होती.

रेइनो त्याच वेळी जाळं टाकायला आला. पलीकडच्या काठावरचा, पंच्याऐंशीचा, तारुण्यात उर्होबरोबर ओंडके वाहिलेला. वारा त्याच्याकडे जात होता. त्याने वल्ही थांबवली, मान वर करून हवा हुंगली.

"तोलोनेन!" त्याने हाक दिली. "काय म्हणताय! हा वास मी मेलो तरी विसरणार नाही. उर्होचं मलम!"

आहतीने तोंड उघडलं. जन्मभर ज्याने ती गोष्ट सांगितली त्यालाच ती आता फिरवायची होती, आणि शब्द जुळत नव्हते. तौनोकाका बहिणीकडे बघत होता. हेइनी उठून बसली.

केर्तूआत्याने ढवळणारा हात थांबवला नाही. दुसऱ्या हातातला पातेल्याचा कान मात्र तिने हेइनीकडे दिला, फळीवर हात टेकला, गुडघ्यांवर ताठ झाली, आणि तिच्याएवढ्या अबोल बाईच्या छातीत एवढा आवाज होता हे त्या दिवशी साऱ्या तळ्याला कळलं.

"उर्होचं नाही, रेइनो! माझं!"

"काय?"

"माझं! बासष्ट सालापासून माझं! तुझ्या हातांना लागलं ते सगळं मी केलेलं! आणि आता फुकट मिळायचं नाही, हेइनीकडे कायानीत विकत घ्यायचं!"

पलीकडच्या काठावरून आवाज परत आला. रेइनो वल्ही पाण्याबाहेर धरून बसून राहिला. पाणी वल्ह्यांवरून टपटपत होतं. साठ वर्षांचे उन्हाळे माणसाने मनातल्या मनात परत मांडायचे तर थोडा वेळ लागणारच. मग त्याने वल्ही होडीत आडवी ठेवली, डुलत उभा राहिला, आणि डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"आभारी आहे, केर्तू," तो म्हणाला. ओरडून नाही, पण पाण्यावरून नीट ऐकू आलं.

चमचा पातेल्यात उभा राहावा इतकं मलम घट्ट झालं होतं. तरी आत्या ढवळतच राहिली.

"बस खाली गाढवा, बुडशील," ती म्हणाली.